आंघोळीचं पाणी

बाबा गेले त्या सकाळी आमच्या ओहायोतल्या घरात नळाला पाण्याचा थेंब नव्हता. गराजमधून घरात येणारा पाइप रात्रीच्या थंडीने गोठला होता. चहाचं आधण ठेवायला मी नळ सोडला, तर तो नुसता खाकरला. तेवढ्यात नागपूरहून दादाचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती.

"बाबा गेले गं," तो म्हणाला. "तू काही निघू नकोस, व्हिसाचं अडकलंय ना तुझं. तिथेच डोक्यावरून आंघोळ करून घे."

एरवी मी सुतकबितक मानणारी नव्हे. त्यावरून बाबांशी कितीदा कडाक्याचं भांडले असेन. पण त्या दिवशी मला दुसरं काय करता येणार होतं? शेवटचं तोंड बघणंही नशिबात नव्हतं. लेकीच्या वाट्याला उरली होती ती एक आंघोळ, आणि मेलं पाणीच नव्हतं!

नवरा गराजमध्ये शिडीवर चढून माझ्या हेअर ड्रायरने पाइप शेकत होता. प्लंबर उद्याशिवाय येत नव्हता. मी खाली उभी राहून डाफरत होते. "रात्री नळ थेंबथेंब चालू ठेवा, असं शेजारच्या काकूंनी बजावलं होतं ना? तूच बंद केलास, टपटप ऐकू येते म्हणून!" तो बिचारा पाइप शेकतच राहिला. मग हळूच म्हणाला, "पिण्याच्या पाण्याचे कॅन आहेत. त्यातलं घेतेस का?"

"बाबांची आंघोळ दुकानातल्या पाण्याने करू?"

काकूंनाही कळलं होतं. त्या दारात येऊन म्हणाल्या, "आमच्याकडे चल गं, गरम पाणी आहे." त्यांनाही नको म्हटलं. म्हटलं, सुतक घेऊन तुमच्या घरी कशी येऊ? हे मी म्हणत होते, मी!

दुपारी पाइपात गुडगुडलं. स्वयंपाकघरातला नळ दोनदा थुंकला आणि धार लागली. "आलं! आलं गं पाणी!" नवरा ओरडत आत आला आणि माझ्याकडे बघून थबकला.

मी खुर्चीतून उठले नव्हते. सकाळपासून बाबा फक्त दादाच्या फोनवर गेले होते, माझ्या घरात अजून गेले नव्हते. डोक्यावरून एक तांब्या घेतला की संपलं. म्हणून कॅन नको, म्हणून काकूंचं घर नको. पाणी येऊच नये असं मला वाटत होतं.

फोन वाजला. रात्रीच सगळं उरकून दादा स्मशानातून नुकताच घरी आला होता, आवाज पार बसलेला.

"झाली का गं आंघोळ?"

"नाही रे. पाणीच नाही आलं अजून."

समोर नळ धो धो वाहत होता. त्याला ऐकू गेला नसेल असं होणारच नाही.

"बरं," म्हणाला, "येईल तेव्हा कर. घाई नाही."