मागच्या बाकावरची नऊ मुलं

माझी धाकटी लेक मुख्याध्यापिका आहे आणि तिचं पद टिकेल का, ही धास्ती माझा पिच्छा सोडत नाही. गेल्या वर्षी तपासणीत तिच्या शाळेला ‘ड’ श्रेणी मिळाली. यंदाही तीच आली, तर तिला पदावरून काढणार हे नक्की.

शाळेत वाचताना अडखळणारी नऊ मुलं होती. एका जुन्या शिक्षकांनी सुचवलं, “बाई, तपासणीच्या दिवशी त्यांना घरीच राहू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची!”

“उघडी पडू दे सर, मूठ आपलीच आहे,” ही म्हणाली. स्वतःचं टेबल तिने व्हरांड्यात हलवलं आणि ऑफिसात त्या नऊ जणांना रोज तासभर मोठ्याने वाचायला बसवलं.

काल तपासणी झाली. सहा जणांनी धडा घडाघडा वाचला, तिघं अडखळले. श्रेणी महिन्याने कळेल.

“कसं होणार गं?” मी विचारलं.

“आई, काळजी तू कर, त्या तिघांचं मी बघते,” ती हसली. “फक्त शेजारी बसून ऐकायला माणूस मिळत नाही.”

काळजी करत मला बसायचंच आहे, मग त्या तिघांशेजारी का नको? सकाळी तिला फोन करते.