बापाच्या बंदुकीचा ब्रेक

वर्ना टिबेट्सने एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या एकोणतीस वर्षांत तिच्या बसमध्ये कुणी गाणं म्हटल्याचं ऐकिवात नाही. तिने आरशातून एकदा बघितलं की मागची बाकडी चिडीचूप. पोरांच्या आया तिला वचकून असत, हेडमास्तर वचकून असत. कोल्ड क्रीकच्या उतारावर बर्फात रुतलेल्या टँकरचा ड्रायव्हर तर तिच्या शिव्या ऐकून स्वतःच फावडं घेऊन खाली उतरला होता. वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात तिला न भिणारं एकच माणूस होतं, तिची सख्खी धाकटी बहीण मॅक्सीन.

मॅक्सीन रस्ते खात्याच्या वायरलेसवर बसायची. लहानपणच्या तापात तिचा डावा कान गेला होता, पण उजवा इतका तिखट की वायरलेसवर नुसती घरघर ऐकून वर्नाची बस कितव्या गिअरमध्ये आहे ते सांगायची. "दुसरा टाक, बाईसाहेब, घाटात आहात तुम्ही," असं ती म्हणायची आणि वर्ना शिव्या घालत दुसरा टाकायची. गावातले लोक सकाळी कॉफी पिताना हे भांडण मुद्दाम लावून ऐकत. खरं तर एवढंच काय ते दोघींचं सुखाचं बोलणं होतं. वायरलेस बंद झाला की दोघींमध्ये उरायची ती बापाची बंदूक.

बाप, अल्विन टिबेट्स, खडूस म्हातारा. त्याची ती थ्री हंड्रेड मॅग्नम रायफल दस्त्याने असा दणका द्यायची की नवख्याचा खांदा आठवडाभर निळा राही. मुलगा नव्हता, मुली दोन आणि बंदूक एक. म्हाताऱ्याने निवाड्याची रीत ठरवली. दर ऑगस्टमध्ये खडीच्या खाणीत जायचं, एकीने पाठ फिरवायची, दुसरीने बंदूक भरून तिच्या हातात द्यायची. पाच वेळा भरायची, त्यात एकदा खऱ्या गोळीऐवजी रिकामं काडतूस. चाप ओढणारीला कळत नाही कितवं रिकामं आहे. खरी गोळी सुटली तर धक्क्यात सगळं झाकून जातं, पण रिकाम्यावर चाप ओढला आणि नळीचं टोक खाली गेलं, की कळतं ही बाई धक्क्याच्या भीतीने आधीच दचकते. जी दचकली तिने बंदूक खाली ठेवायची.

मॅक्सीन एकोणिसाव्या वर्षी दचकली. तेव्हापासून बंदूक वर्नाची, आणि तेव्हापासूनच वर्नाचं पालुपद सुरू झालं, "मॅक्सीन डोळे मिटून नेम धरते." हे तिने मॅक्सीनच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या काकांना सांगितलं. नवरा सोडून गेला तेव्हाही सांगितलं. बापाला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती, तिथे चीज घातलेल्या बटाट्यांचं भांडं पुढे सरकवतानाही सांगितलं. बाप गेल्यावर ती ऑगस्टची परीक्षा मात्र बंद पडली, कारण दोघींपैकी एकीचीही दुसरीकडून बंदूक भरून घ्यायची तयारी नव्हती.

तरी शिकारीला जायच्या बरोबरच. परवाना वर्नाच्या नावावर, एल्क, म्हणजे तिकडच्या घोड्याएवढ्या हरणांचे कळप उतरतात ती कुरणं मॅक्सीनची, आणि मांस निम्मं निम्मं. वर्ना पालथी पडून नेम धरायची. मॅक्सीन तिच्या डाव्या हाताला पडून दुर्बिणीतून बघायची आणि अंतर सांगायची. डाव्या हाताला अशासाठी, की मॅक्सीनचा चांगला कान बहिणीच्या बाजूला यावा आणि तिची कुजबुज ऐकू यावी. गोळी झाडायच्या आधी वर्ना आपल्या बुटाने तिच्या बुटाला टोचायची, ही बापाची खूण. मग मॅक्सीन तोंड उघडं ठेवून श्वास रोखायची. कानात बोळे घालणं तिला पटत नसे. बोळे घातले तर बहीण काय पुटपुटते ते कसं कळणार?

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी वर्नाच्या उजव्या खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या मोसमात तिने एका मोठ्या नरावर गोळी झाडली ती खाली गेली आणि त्याचा पुढचा पाय मोडला. दोन दिवस दोघी बर्फातून रक्ताचे ठिपके शोधत फिरल्या. शेवटी मॅक्सीनलाच झाडीत त्याचा श्वास ऐकू आला, म्हणून तो सापडला. परत येताना वर्ना म्हणाली, बंदुकीवरची दुर्बीण हलली असणार.

"दुर्बीण नाही हलली, तू हललीस," मॅक्सीन म्हणाली. "आणखी एक जनावर असं लंगडं केलंस ना, तर बंदूक माझ्या गाडीत जाईल. आणि चर्चच्या तळघरात मी स्वतः उभी राहून सांगेन, वर्ना डोळे मिटून नेम धरते."

वर्नाला त्या नराचं वाईट वाटलं, पण या वाक्याने तिची झोप उडाली. चाळीस वर्षं ज्या दगडाने दुसरीला मारलं तोच दगड आपल्या डोक्यावर येताना दिसला की माणूस काहीही करतं.

जुलैमध्ये ती ओडेलकडे गेली. ओडेल बंदुका दुरुस्त करायचा. माणूस कमी बोलणारा, पण खोटं अजिबात न बोलणारा, म्हणून त्याच्याकडे गिऱ्हाईक बेताचंच. त्याने काही न विचारता मागच्या अंगणात तिला बंदूक भरून दिली. तिसऱ्या वेळी नुसतं टिक वाजलं आणि नळीचं टोक चांगलं वीतभर खाली गेलं. दोघांनीही ते पाहिलं. ओडेलने हात पुसले आणि सरळ सांगितलं, लहान गोळीची बंदूक घे, एल्क तिनेही पडतो. नाहीतर दस्त्याला जाड रबर बसवून देतो.

लहान बंदूक घेतली तर ती बापाची राहत नाही. रबर लावलं तर मॅक्सीन ते शंभर पावलांवरून बघणार. वर्नाने नकारार्थी मान हलवली. मग ओडेलने फडक्यावर ब्रेक मांडले. बोटभर लांबीचे पोलादी तुकडे, नळीच्या तोंडाशी पेचाने बसणारे. गोळीमागचा वायू त्यांच्या भोकांमधून आजूबाजूला फेकला जातो आणि दणका निम्म्यावर येतो. एकाला चहूबाजूंनी बारीक भोकं होती. ओडेल म्हणाला, तू पालथी पडून मारतेस, याने खालचा बर्फ सगळा तुझ्याच तोंडावर उडेल. दुसऱ्याला दोन्ही अंगांना लहान खाचा होत्या, खालून बंद. हा त्याने तिच्या हातात दिला. याने धक्का थोडाच कमी होतो, म्हणाला, पण शेजारच्याच्या जिवावर उठत नाही. तिसऱ्याच्या खाचा रुंद होत्या आणि मागे कललेल्या. तो मात्र त्याने फडक्यावरच राहू दिला.

"याने धक्का किती कमी होतो?" वर्नाने त्या तिसऱ्याकडेच बोट दाखवलं.

"सगळ्यात जास्त. पण सगळा दणका बाजूला जातो. शेजारी जो असेल त्याच्या कानाची वाट लागते."

"शेजारी माझी बहीण असते."

"मग तर जास्तच जपायला पाहिजे," ओडेल म्हणाला. "हे बघ वर्ना, हा लावलेला माणूस झाडायच्या आधी 'ब्रेक' असं तोंडाने म्हणतो. मोठ्याने. शेजारचा कान झाकतो, मगच चाप. हे म्हणणार असशील तर नळीला आटे पाडतो, नाहीतर बंदूक घेऊन घरी जा."

"म्हणेन," वर्ना म्हणाली. मुद्दाम सांगून तो तुकडा तिने नळीच्याच जाडीचा घासून घेतला, त्याला नळीसारखाच काळा रंग चढवला. बापाच्या नळीवर लेथचं पातं लागलं तेव्हा ती बाहेर जाऊन उभी राहिली, तेवढं मात्र तिला बघवलं नाही. नंतर कानांवर जाड टोप्या चढवून ती एकटीच खाणीत गेली आणि नवा नेम बसवून आली. ओडेलकडून पुन्हा रिकामं काडतूस घालून घेतलं. नळी जागची हलली नाही. गाडीत बसल्यावर तिला हसूच फुटलं.

ऑक्टोबरात मोसम उघडला. बर्फ आत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडावर लोकरीचा मोजा चढवायची पद्धत तिकडे आहेच, त्यामुळे वर्नाच्या मोज्याकडे मॅक्सीनने ढुंकूनही पाहिलं नाही. ती वाटभर टोमणे मारत होती. म्हणाली, बिचाऱ्याला आधीच चिठ्ठी पाठवायची होती, तीन पायांवर चालायची सवय कर म्हणून. वर्नाने उलट उत्तर दिलं नाही, आणि तिने उत्तर न देण्यावरून तरी मॅक्सीनने काही ओळखायला हवं होतं.

उजाडता उजाडता नर कुरणाच्या कडेला आला. दोघी पालथ्या पडल्या. मॅक्सीनने डोळे दुर्बिणीला लावले आणि हळूच अंतर सांगितलं, दोनशे चाळीस यार्ड. वर्नाने मोजा काढला. एक शब्द म्हणायचा होता. नर दूर होता, वारा समोरून होता, दबक्या आवाजात म्हटलं असतं तरी चाललं असतं. वर्नाच्या ओठांवर तो शब्द आलाही. पण तो म्हणायचा म्हणजे मॅक्सीनचे डोळे दुर्बिणीवरून निघून नळीवर येणार, आणि मग उरलेलं आयुष्य तिचं हसू ऐकायचं. वर्नाने बुटाने बुटाला टोचलं. खूण तर दिली ना, असं तिने स्वतःला बजावलं. मॅक्सीनने नेहमीसारखं तोंड उघडं ठेवलं.

नर जागच्या जागी कोसळला, खांद्यामागे अगदी जिथे हवं तिथे गोळी. वर्नाच्या खांद्याला काही झालंच नाही. इतकी सुंदर गोळी तिने दहा वर्षांत झाडली नव्हती. आनंदाने वळून बघितलं तर मॅक्सीन बर्फात कुशीवर पडलेली, दोन्ही हात उजव्या कानावर, आणि तिच्या तोंडून कण्हण्यासारखा आवाज येत होता. ती बंदुकीच्या तोंडाकडे बघत होती. नळी बोटभर लांब झाली होती, आणि बाजूच्या खाचांमधून अजून धूर निघत होता.

"ब्रेक आहे," वर्ना म्हणाली. "ब्रेक लावलाय, मॅक्सीन. मी म्हणणार होते."

मॅक्सीन तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग उठून बसली, वर्नाच्या हातातून बंदूक काढून घेतली, आतलं काडतूस बाहेर टाकलं आणि एकटी गाडीकडे चालू लागली. वर्नाने बंदूक सोडून दिली. चाळीस वर्षांत कुणी तिच्या हातातून ती अशी काढून घेतली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, थोडंफार परत येईल. ते आलं नाही. कानाला यंत्र लावल्यावर मॅक्सीनला भांडी आपटल्याचं कळतं, बोलणं कळत नाही. वायरलेसवर आता एक नवी मुलगी बसते आणि सगळ्यांशी गोड बोलते. चर्चच्या तळघरात मॅक्सीनने कुणाला काही सांगितलं नाही. वर्ना दोन महिने त्या भाषणाची वाट बघत होती. ते झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला आता वाटतं.

पुढच्या ऑक्टोबरात मॅक्सीन आपल्या नावाचा परवाना घेऊन वर्नाच्या दारात गाडी लावून हॉर्न वाजवत बसली. मागे बंदूक होती, ब्रेक लावलेलीच. कुरणात ती पालथी पडली आणि शेजारच्या बर्फावर हाताने थोपटलं, डाव्या बाजूला. वर्ना तिथे पडली, दुर्बिणीतून बघितलं आणि बोटांनी अंतर दाखवलं. नर उघड्यावर उभा होता, एकशे ऐंशीवर, आडवा. मॅक्सीनची नळी स्थिर होती, डोळे टक्क उघडे. स्फोट ऐकूच येत नसेल तर दचकायचं तरी कशाला?

मग तिने मान वळवून बहिणीकडे पाहिलं आणि घसा ताणून ओरडली, "ब्रेक!"

डोंगरावरून तो शब्द परत आला. नराने मान उचलली आणि दोन उड्यांत झाडीत नाहीसा झाला. मॅक्सीनने शांतपणे चापावरचं बोट काढलं.

"असं म्हणायचं असतं," ती म्हणाली. तेही तेवढ्याच मोठ्याने.

याला तीन मोसम झाले. दरवर्षी हॉर्न वाजतो, वर्ना जाऊन डाव्या हाताला पडते, कान दोन्ही हातांनी झाकून घेते आणि तो शब्द तरीही तिला ऐकू येतो. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, असं ओडेल म्हणतो. वर्नाला ते पटत नाही, कारण दुकानात मॅक्सीन ब्रेड मागते ती अगदी हळू आवाजात. दोघींच्या फ्रीझरमध्ये तीन वर्षांत एल्कचा एक तुकडा पडलेला नाही. गाववाले विचारतात, एवढी नेमबाज बाई, मग मांस कसं नाही? वर्ना सांगते, यंदाही जनावर आधीच बिथरलं.