शेवट राहिलेली चाल

"शेवट बसंना रं गड्या," असं माझा शेजारी म्हणायचा आणि वाद्याचा गज मांडीवर आडवा ठेवायचा. आमच्या माधवनगरात त्याला सगळे मास्तर म्हणत. फौजेच्या बँडमधून पेन्शनवर आला तो एक चेलो घेऊन. फिडलीचा थोरला भाऊ समजा. गुडघ्यांत धरून वाजवायचा, आवाज खर्जातला. गजाचे केस बदलायला म्हणून चेलो पेटीसकट मिरजेला नेला, तर कारागीर म्हणाला, "मास्तर, वाजवायचं हाय का यात कपडं ठेवायचं?" हे मास्तर स्वतःच सांगून हसायचा.

त्याची माझी भिंत एक. माझा जन्म मागावर गेला, खडखडाटानं कान निम्मे गेलेले. तरी दुपारी त्याचं वाजवणं भिंतीतून यायचं. मला ते म्हैस हंबरल्यासारखं वाटे, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

तो रागावला नाही. आत बघून हळूच म्हणाला, "ही वैनी हाय तुझी. तिच्यावर चाल बांधतोय. भाकरी थापताना तिचा हात कसा चालतो, ते हे. आणि 'आवं, येताय न्हवं' म्हणून हाक मारती, ते हितं."

"मग ऐकवा की तिला."

"पुरी झाल्यावर. पाटावर बसवून ऐकवणार. अर्धी कशाला?"

तुम्हीही असे लोक बघितले असतील. घराचा रंग वाळल्याशिवाय पाहुणा बोलवत नाहीत. फौजेत कच्ची चाल साहेबापुढं नेली की ओरडा बसायचा. तीच शिस्त यानं घरात आणली.

वहिनींना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या चुलीपासून ओरडायच्या, "आवं, गप करा त्याला. दूध नासंल."

अशी वर्षं गेली. आधी आमची ही गेली. मग वहिनी तापाचं निमित्त होऊन गेल्या. चाल होती तिथंच होती.

वहिनींच्या दहाव्याला मास्तरनं चेलो रिक्षात घातला आणि सांगलीला कृष्णेच्या घाटावर आणला. कावळा शिवायला उशीर लागला की माणूस गेलेल्याला वचन देतो, 'पोरीचं लग्न करतो, घर सांभाळतो.' मास्तर अर्धी तर अर्धी, चाल वाजवणार होता. पायरीवर बसला, गज हातात घेतला, तारा जुळवायला कान खाली नेला. तेवढ्यात कावळा आला आणि घास घेऊन गेला.

"बाईंचं मन कशातच अडकलं नव्हतं," भटजी म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. माझ्या हिच्या वेळी दर्भाचा कावळा करावा लागला होता. तिचं काय राहिलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मला वाटलं, मास्तर सुटला. पण त्याचा चेहरा तसं सांगत नव्हता.

परत येताना रिक्षात तो म्हणाला, "अडकलं न्हवतं म्हणं."

मला राहवलं नाही. "मास्तर, खुळ्यागत बोलू नगा. वैनी नळावर कपडं धुताना तुमचीच चाल गुणगुणायच्या. आमची ही सांगायची. तिलाबी पाठ झाली हुती. तुमी थांबता तितं वैनी थांबत न्हवत्या म्हणं. फुडं म्हणायच्या."

त्यानं माझा दंड धरला. "फुडं काय म्हणायची?"

"मला कुठलं ठावं? आमची असती तर म्हणून दाखवलं असतं."

त्या दिवसापासून संध्याकाळी तो मला समोर बसवायचा. चाल वाजवत यायचा, तुटायची तिथं गज उचलायचा आणि म्हणायचा, "म्हण." मी घसा खाकरून काहीतरी म्हणायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. "न्हाई रं. ही ती न्हवं. परत म्हण." त्याचा मुलगा त्याला सातारला घेऊन जाईपर्यंत हे चाललं. तिथंच मास्तर गेला. चेलो तिकडंच आहे.

आता नळावर पोरी मोटर लावतात, कपडे मशीनमध्ये जातात. मी सकाळी तिथं कठड्यावर जाऊन बसतो. डोळे मिटले की दोघी दिसतात. आमचीनं पदर खोचलेला, वहिनी चादर पिळतायत, एक टोक हिच्या हातात. दोघींची तोंडं हलतात.

ऐकू काही येत नाही.