सहादूचा नवा दगड

सहादूचा घण पडला की आवाज एकच यायचा. बाकीच्यांचा घण दगडावर बसताना थरथरतो. पाथर्डीच्या वाटेवरच्या खाणीत आम्ही जोडीने काम केलं. मी पाचर धरायचो, तो मारायचा. माझी सगळी बोटं शाबूत आहेत, यावरून त्याचं काम कळावं.

त्याची एक सवय होती. दगड हाती आला की आधी हातोडीने ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत बोलला तर धड. बद्द बोलला तर आतून तडकलेला. मगच पुढचं काम.

त्याची मुलगी यशोधरा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती. सुट्टीत भाकरी घेऊन खाणीवर यायची आणि वाचलेलं सांगायची. एकदा म्हणाली, "आप्पा, समुद्राच्या तळाची जमीन दोन्ही बाजूंना ओढली जाते. मध्ये फट पडते. खालून तापलेला रस वर येतो, गार होऊन त्याचा दगड होतो. मग तोही मधोमध फाटतो. पुन्हा रस, पुन्हा दगड. नवा तळ मध्ये होत राहतो, जुना दोन्हीकडे सरकतो."

"मधोमधच का फाटतो?" सहादूने विचारलं.

"मधला भाग अजून गरम असतो ना. गरम म्हणजे कच्चा."

"आणि सरकतो किती?"

"वर्षाला बोट, दीड बोट."

"आपल्या मुकादमानं हजेरी कापली असती," मी म्हणालो.

सहादू हसला नाही. "थांबत नाय ना पण?"

"नाही."

"मग लय झालं."

आपला काळा दगडही कधीकाळचा रसच, पण फार जुना, असं ती म्हणाली. सहादू माझ्याकडे वळला. "म्हणजे जन्मभर म्हाताराच दगड फोडला, गेणू. एकदा नवा बघायला पाहिजे."

पुढे यशू गोव्यात समुद्रावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. तोवर दगडाची धूळ सहादूच्या छातीत बसली होती. खाण सुटली. इंदिरानगरच्या खोलीच्या दारात तो बसून असायचा. पाण्याचा तांब्या उचलायचा आणि दम घ्यायला मध्येच खाली ठेवायचा.

पंच्याऐंशी सालच्या बुद्धपौर्णिमेला यशू आली. मी तिथंच होतो. तिने रुमालातून मुठीएवढा काळा दगड काढला.

"आप्पा, नवा दगड. त्या फटीजवळून बोटीने वर ओढलेला. रस थंड पाण्याला लागला की वर ही अशी काच धरते. साहेबांकडून मागून आणलाय, जसाच्या तसा परत द्यायचाय. पुढच्या फेरीला मलाही बोटीवर नेणार आहेत."

"बोटीवर म्हणे!" तिची आई धोंडाबाई म्हणाली. "गोदावरीत पाय बुडवायचा तर रडायची."

सहादूने दगड डाव्या हातात घेतला. उजवा हात दाराआड गेला. हातोडी तिथंच असायची. आम्ही काही म्हणायच्या आत त्याने ठोकला.

दगड बोललाच नाही. काच फुटून त्याच्या मांडीवर, फरशीवर पडली.

"कच्चा होता," तो म्हणाला. मग त्याला कळलं. "यशे, साहेब तुला..."

"काही नाही होत, आप्पा. असे ढीगभर पडलेत तिथं." ती बोट ओलं करून फरशीवरची एकेक कपची टिपत होती. कणसुद्धा मागे ठेवला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली तेव्हा तो बसल्याबसल्या झोपायला लागला होता. आडवं पडलं की श्वास लागायचा. तिला बघून त्याने पहिलं तेच विचारलं.

"नेलं का बोटीवर?"

"नेलं ना."

"फट बघितली?"

"बघितली."

"तिथं हात भाजतो का गं?"

"भाजतो, आप्पा."

तो भिंतीला टेकला. त्या संध्याकाळी त्याने अर्धी भाकरी खाल्ली.

थंडीत सहादू गेला. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. यशू माझ्याजवळ येऊन बसली.

"गेणूकाका, मी गेलेच नव्हते. दगड फुटका परत दिला, माझ्या जागी दुसऱ्याला नेलं. आणि तिथं हात नाही भाजत. फार खोल आहे. काळोख, बर्फासारखं पाणी. कुणाचा हात पोचतच नाही तिथं."

"मग भाजतो असं का म्हणालीस?"

"तेव्हा आप्पांचा हात माझ्या हातात होता, काका. गार पडलेला."

दुसऱ्या दिवशी ती गोव्याला निघाली. दाराआडची हातोडी तिने पिशवीत घातली. जड आहे, म्हटलं, एवढ्या लांब कशाला. ती म्हणाली, असू दे.