पाच दिवसांचं औषध

त्या सकाळी आम्ही दोघांनी नातीचे श्वास मोजले. मी घड्याळ धरलं, बायको पोट्टीच्या पोटाकडे पाहून मोजत होती. नात तीन वर्षांची, न्यूमोनिया झालेला. डॉक्टर म्हणे, मिनिटाले चाळीस झाले की परत आणा, अन् अँटिबायोटिक सकाळ-संध्याकाळ पाच दिवस पाजा, ताप उतरला तरी. मुलगा-सून दोघंबी सिलतऱ्याला कारखान्यात कामावर जातात, म्हणून हे आमच्याकडे.

"चौतीस," बायको म्हणाली. "अजी, मिनिट झालं का नाही?"

"झालं."

"मंग सांगत काहून नाही? गणितात तिसरीतच बसून राहिले तुमी अजून!"

दवाखान्यात नेलं तेव्हा अठ्ठेचाळीस होते. तिनं औषध पाजलं, बाटली फ्रिजमध्ये ठेवली. तो दुसरा दिवस.

दुपारी कपडे वाळत घालताना ती खाली बसली ते उठलीच नाही. हृदयाचा झटका निघाला. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. मले रडू आलं नाही. संध्याकाळचं औषध कोणालेच आठवलं नाही.

सकाळी पोट्टी खोकलली तेव्हा मी फ्रिज उघडला. बाटली नव्हती. मोरीजवळ पालथी होती, धुतलेली. मरण झालं की आमच्यात घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकतात. ते काम माझ्या मोठ्या बहिणीनं केलं होतं.

"ताई, औषध काहून फेकलं?"

"त्यातबी पाणीच होतं नं रे. ते लेकराले पाजतोस का?"

"तीन दिवसांचं बाकी होतं."

"मले कोणं सांगितलं?"

खरंच होतं. रागबी आला नाही. मी एकट्यानं श्वास मोजले. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा अडतीस आले.

चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून नवी बाटली आणली. आत भुकटी असते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत टाकायचं. ते बायको करायची. सुतकात आमच्याकडे तीन दिवस गॅस पेटवत नाहीत, जेवण शेजारून येतं. मी गॅस पेटवला.

ताई दारात आली. "अरे, काय करून राहिला? पाणीबी शेजारून माग नं."

"एक वेळचं चुकलं आहे," मी म्हणालो.

ती पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिली.

पाणी गार व्हायला वेळ लागला. खुणेपर्यंत टाकलं, हलवलं, फेस बसल्यावर अजून थोडं टाकलं. चमचा भरला.

"आजी कहाँ है?" पोट्टीनं गल्लीतल्या पोरांच्या हिंदीत विचारलं.

"मुँह खोल," मी म्हणालो.

तिनं उघडलं.