साठ की एकशे वीस

नात टॅबवर रंगीत ठोकळे जोडून मांजर चालवत होती. ते पाहताना कोपरीच्या शाळेतला नव्वदच्या दशकातला एक दिवस आठवला. मी तिथे संगणक शिकवायचे. वर्गात संगणक एकच होता, म्हणून मी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर आज्ञा लिहिल्या होत्या. मुली आधी ते फरशीवर ओळीने लावत, मग टाइप करत, आणि पडद्यावरचं कासव त्या आज्ञांप्रमाणे रेघ ओढत चाले.

त्या दिवशी हा संगणकाचा वर्ग बंद करायचा का, हे ठरवायला संस्थेचे अध्यक्ष आले होते. कोळीवाड्यातून येणारी सातवीतली जयश्री त्रिकोण काढणार होती. कासवाने उघड्या वाटीसारखं काहीतरी काढलं.

"बाई, हाच का तुमचा त्रिकोण?" अध्यक्षांनी विचारलं. मी फरशीवरचे तुकडे पुन्हा वाचू लागले.

जयश्री उठली. स्वतःच कासव होऊन फरशीवर चालली, साठ अंशांनी वळली आणि थबकली. "बाई, मी कमी वळते! आतला कोपरा साठचा, पण वळायला एकशे वीस पायजे!"

तिने तुकडा बदलून पुन्हा टाइप केलं. त्रिकोण जुळला. अध्यक्ष म्हणाले, "चालू द्या वर्ग."

"बाईंनी उत्तर सांगितलं नाही, मला शोधू दिलं," असं जयश्री आजही कौतुकाने सांगते. खरं तर भीतीने मला तेव्हा उत्तर सुचलंच नव्हतं.