तबकडीतला माझ्या बापाचा पाय

२०२४ साल, मला एक्क्याऐंशी पूर्ण झालेली. खासबागेतून फोन आला की मारुती गेला. मी फोन ठेवला आणि चपला शोधत घरभर फिरलो. त्या पायातच होत्या.

मारुती रेडिओ दुरुस्त करणारा, मी परशा, शहापूरचा विणकर, शाळा चौथीपर्यंत. साठ वर्षांची दोस्ती एका गाण्यावरून मोडली, आणि मोडली ती मी. माझे वडील नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचे. मी तीन वर्षांचा असताना गेले. मागं राहिली एक तबकडी. गाणारा दुसराच, साथीला वडील. गाण्याखाली सारखं टक्... टक्... वाजायचं. आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, सांगायची, तुझा बा पाय आपटून पेटी वाजवायचा. तेव्हापासून ते टक् म्हणजे माझा बाप.

म्हातारपणी मारुती संगणक शिकला आणि जुन्या नाट्यपदांची खरखर काढायच्या नादाला लागला. खरखर जावी, पण गाणाऱ्याचा श्वास राहावा, एवढंच त्याचं म्हणणं. एकेका ओळीला आठवडा घालवायचा. माझी तबकडीही त्यानं संगणकात उतरवून हौसेनं धुऊन काढली. ऐकवली तेव्हा आवाज काल गायल्यासारखा... आणि टक् गायब.

"माझ्या बापाचा पाय तोडलास रं," मी म्हणालो.

तो काहीतरी सांगायला गेला, मग चष्मा पुसत बसला. मी तबकडी काखेत मारून निघालो, ते आठ महिने त्याच्या दारात गेलो नाही. त्यानं दोनदा निरोप धाडला. मी ताठच राहिलो...

त्याचं दिवसकार्य आटोपलं त्या संध्याकाळी तबकडी लावली. शेवटाला गाणाऱ्यानं लय दुप्पट केली, पेटीही धावली, पण टक् तेवढ्याच अंतरानं पडत राहिलं. जन्म मागाच्या ठोक्यात गेला आणि हे मला कधी कळलं नव्हतं. तबकडी थांबवून नख फिरवलं. एका जागी अडकलं. ओरखडा होता, दर फेऱ्याला सुई त्यावर आपटायची. रेडिओवाल्या मारुतीला हे पहिल्या दिवशीच कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता खासबाग गाठलं. मारुतीच्या बायकोनं, वहिनींनी, दार उघडलं. मी उंबऱ्यातूनच विचारलं, ते टक् ओरखड्याचं, हे त्याला ठाऊक होतं का.

"व्हय भावजी. मी म्हटलं, सांगून मोकळं व्हा की. तर म्हणाले, परशाला त्यात बाप ऐकू येतोय, मी कशाला काढून घेऊ."

म्हटलं, त्यानं धुतलेलं लावा, मला बापाची पेटी ऐकायची आहे. वहिनींना संगणक चालवता येत नव्हता, मलाही नाही. मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि दिसेल ते बटण दाबू लागलो.